तिसरा तुकडा

पहिल्यांदा आलं ते 'आपला विश्वासू'. त्याच्याखाली सही करणाऱ्याचा हुद्दा, मग कुठला तरी मधलाच परिच्छेद, मग विषय, आणि सगळ्यात शेवटी 'महोदय'. पत्र इंग्रजीत होतं, मी ते मराठीत सांगतोय एवढंच. आमच्या साहेबांनी तो छापील कागद एकदा वरून खाली वाचला, एकदा खालून वर वाचला, आणि चष्मा काढून मला विचारलं, "अहो, पाठवणारा माणूस शुद्धीवर होता ना?"

मला लगेच वाटलं, चूक माझीच असणार.

हा माझा स्वभावच आहे. शाळेत कुणी खडू पळवला की गुरुजी सगळ्या वर्गाकडे बघायचे आणि कान माझे लाल व्हायचे. थोरला भाऊ म्हणायचा, "गावात कोनाची बकरी हरवली तरी तुह्या तोंडाकडे पाह्यलं का वाटते, यानंच लपवली." त्याच्यापुढे तर मी कायमचा ओशाळलेला. आम्ही दोघे भाऊ, आर्वी-आष्टी रस्त्यावरच्या एका खेड्यातले. शाळा संपल्यावर दोघांपैकी एकालाच पुढे शिकवणं घराला जमणार होतं. भाऊ एका संध्याकाळी बैलांना कडबा टाकता टाकता सहज म्हणाला, "मले पुस्तक पाह्यलं का झोप येते. याले पाठवा." त्याला झोप येत नव्हती. तो माझ्याहून हुशार होता, हे मला ठाऊक होतं. मी गप्प बसलो आणि अमरावतीला शिकायला गेलो.

त्या शिक्षणाच्या जोरावर ऐंशीच्या दशकाच्या शेवटी शेवटी वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत मला संगणकावरची नोकरी मिळाली. वरच्या मजल्यावर एक थंड खोली, चपला बाहेर काढायच्या, आत दोन पडदे आणि एक किंचाळणारं छपाईयंत्र. गच्चीवर उपग्रहाशी बोलणारी मोठी पांढरी तबकडी होती. कचेरीतले सगळे तिला कढई म्हणायचे. शिपाई रोज विचारायचा, "काय साहेब, आज काय शिजवलं कढईत?"

खोलीत आम्ही तिघं. साहेब पुण्याकडचे, सगळ्यांना अहोजाहो करणारे. दुसऱ्या पडद्यावर नागपूरच्या एक बाई होत्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, त्यांना मी ताई म्हणायचो. आणि मी.

ते उलटंसुलटं पत्र पाठवणाऱ्यानं नीटच पाठवलं होतं. मोठा निरोप या यंत्रातून एकसंध जात नाही, त्याचे तुकडे करावे लागतात. आम्ही त्यांना पॅकेट म्हणायचो. प्रत्येक तुकड्याच्या डोक्यावर त्याचा क्रमांक असतो. दुसऱ्या गावचं यंत्र एकेक तुकडा आकाशात फेकतं, तो मुख्य केंद्रात उतरतो, तिथून पुन्हा वर जातो आणि आमच्या कढईत येतो. आमचा प्रोग्राम मात्र क्रमांकाकडे न बघता, जसे येतील तसे तुकडे एकापुढे एक चिकटवत होता.

हे समजल्यावर दोष कुणाचा हे माझ्या डोक्यातून गेलं आणि वेगळाच किडा शिरला. एक, दोन, तीन असे निघालेले तुकडे दोन, चार, एक असे पोचतात कसे? रस्ता एकच, आकाश एकच, मग मागचा पुढे कसा जातो? शिपायाचं म्हणणं होतं की कढईवर कावळे बसतात, ते एखादा तुकडा अडवून धरत असतील. मला हसू आलं, पण खोटं कशाला सांगू, दुपारच्या सुट्टीत मी गच्चीवर जाऊन कावळे हाकलून पाहिले. ताई जिन्यात उभ्या राहून बघत होत्या. "अरे बाप्पा," त्या म्हणाल्या, "इंजिनेर माणूस कावळे उडवून राह्यला!"

उत्तर शेवटी यंत्राबरोबर आलेल्या जाडजूड पुस्तकात सापडलं. दोन गावांची यंत्रं एकाच क्षणी बोलली, तर दोघांचं बोलणं एकमेकांवर आदळून वाया जातं. मग जो तो थोडा थांबतो आणि तोच तुकडा पुन्हा फेकतो. तोवर त्याच्याच मागचा तुकडा सुखरूप वर पोचलेला असतो. आमच्या घरी जेवताना सगळे एकदम बोलायचे तेव्हा हेच व्हायचं. आई 'कोन गेलं?' असं विचारायची, कारण गेलेल्याचं नाव गोंधळात बुडालेलं असायचं आणि 'तिसऱ्या दिवशी कळलं' तेवढं तिच्या कानावर पडलेलं असायचं.

साहेबांनी सांगितलं, आपल्या प्रत्येक प्रोग्रामनं स्वतःची वेगळी डागडुजी करण्यापेक्षा तुम्ही एकच लायब्ररी लिहा. आमच्या धंद्यात लायब्ररी म्हणजे तयार करून ठेवलेल्या कामांचा संच. कुठल्याही प्रोग्रामनं त्याला हाक मारायची आणि काम करून घ्यायचं. माझ्या लायब्ररीचं काम एवढंच: कसेही आलेले तुकडे आत घ्यायचे आणि बाहेर देताना नीट क्रमानं द्यायचे.

मी आधी सोपा उपाय केला. क्रम सोडून आलेला तुकडा सरळ फेकून द्यायचा, पाठवणारा पुन्हा पाठवील. पाठवायचाही, पण एका पानाला अख्खी सकाळ जायला लागली. मग उलट केलं. सगळे तुकडे गोळा करायचे, शेवटचा आला की लावून घ्यायचे. पहिल्याच मोठ्या अहवालाला यंत्राची इवलीशी स्मरणशक्ती तुंबली आणि पडदा गोठला. ताई म्हणाल्या, "याचं पोट भरलं वाटते. आता काय, ओवा देतो का त्याले?"

त्याच रविवारी मी भावाला भेटायला आर्वीला गेलो. दिवाळी होऊन गेली होती, कापूस घरात आला होता आणि आमच्या गावच्या बंड्या खरेदी केंद्राच्या यार्डात लागल्या होत्या. बंडी म्हणजे आमच्याकडची बैलगाडी. कापसानं शिगोशीग भरलेल्या बंड्यांची रांग यार्डाच्या फाटकातून बाहेर, रस्त्याच्या कडेनं पार लांब गेली होती. नंबर लागायला आठ-आठ, दहा-दहा दिवस लागायचे. तोवर माणसं तिथेच चूल मांडायची, तिथेच झोपायची.

ही रांग मी लहानपणापासून पाहिली होती, पण त्या दिवशी वेगळ्या डोळ्यांनी पाहिली. रांगेत बंड्यांच्या मधे मधे मोकळ्या जागा होत्या आणि प्रत्येक मोकळ्या जागेत एक गोटा, म्हणजे दगड, ठेवलेला. कुणाच्या गोट्याला चुन्याचं बोट लावलेलं, कुणाच्या गोट्याला लुगड्याची चिंधी बांधलेली. आमच्याकडे गावचा क्रम निघायच्या आदल्या दिवशी मारुतीच्या पारावर ठरतो. मग बंड्या निघतात, पण वाटेत कुणाच्या बैलाचा पाय मुरगळतो, कुणाचं चाक निसटतं, आणि पोचताना क्रम पार विस्कटलेला असतो. म्हणून जो आधी पोचेल तो पुढे घुसत नाही. तो मोजून आपल्या जागेवर जातो आणि मधल्या, न आलेल्या घरांच्या जागी त्या त्या घराच्या खुणेचा एकेक गोटा ठेवतो. मागून येणारा आपला गोटा ओळखतो, उचलतो आणि बंडी लावतो.

मी विचारलं, "भाऊ, गोट्याची जागा कोनी घेत नाई?"

"कोन घेईन? घेतली तं पोरीचं लगन कोन्या गावात करन तो?"

वजनकाट्याच्या टेबलापाशीही दोनतीन गोटे पडलेले दिसले. "हे कोनाचे?" मी विचारलं. भावाचं लक्ष कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरकडे होतं. "असन कोनाचे," एवढंच तो म्हणाला, आणि मीही पुढे विचारलं नाही. माझ्या डोक्यात खण तयार व्हायला लागले होते.

सोमवारी मी लायब्ररीत आठ खण केले. प्रत्येक तुकडा क्रमांकाप्रमाणे आपल्या खणात जाणार. चौथा आधी आला तर त्यानं चौथ्या खणात बसायचं, तिसऱ्या खणात नुसता गोटा. पहिला आला की तो लगेच बाहेर, दुसरा आला की तोही, आणि रिकामा झालेला खण पुढच्या क्रमांकाला. स्मरणशक्ती तुंबायचा प्रश्न नाही. गोट्याची जागा मात्र कुणी घ्यायची नाही, कितीही वेळ गेला तरी. हे लिहिताना मला गावाकडचं काही चांगलं यंत्रात नेल्यासारखं वाटत होतं. चाचणीसाठी मी एक चोरदारही ठेवलं: हातानं एखादा खोटा तुकडा खणात टाकता यायचा, म्हणजे प्रोग्राम कसा वागतो ते बघता यायचं.

लायब्ररी चालली. 'महोदय' वर आले, 'आपला विश्वासू' खाली गेले. साहेब म्हणाले, "उत्तम." मला त्या 'उत्तम'नंही थोडं अपराधीच वाटलं, कारण सगळी कल्पना रस्त्यावरून उचलून आणलेली होती.

पुढच्याच आठवड्यात साहेब कामासाठी नागपूरला गेले असताना, दुपारच्या चहाच्या सुमाराला पडद्यावर एक तातडीचा निरोप उमटायला लागला. अवकाळी पावसाचा इशारा होता. वाऱ्यासह पाऊस, काही ठिकाणी गारा, वर्धा जिल्ह्याच्या पुढील भागांत, दोन टिंबं. आणि तिथेच पडदा थांबला.

आम्ही वाट पाहिली. ताईंनी चहाची कपबशी तशीच हातात धरली होती. मी लायब्ररीची आतली अवस्था पडद्यावर काढली. पहिला आणि दुसरा तुकडा बाहेर गेलेला. चौथा आला होता, पाचवा आला होता, पाचवा शेवटचा होता. दोघं आपापल्या खणात शहाण्यासारखे बसले होते. तिसऱ्या खणात गोटा.

"अबे, मंग ते दोन दाखव न," ताई म्हणाल्या.

"तिसरा आल्याशिवाय ते बाहेर येत नाहीत, ताई."

"काऊन?"

"मीच तसं लिहिलंय."

ताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. भाऊ त्या क्षणी आर्वीच्या यार्डात होता. आमच्या घरच्या दोन बंड्या आता काट्याच्या अगदी जवळ आल्या होत्या, त्यांच्या मागे सगळं गाव, त्या मागे दुसरी गावं, आणि सगळा वर्षाचा कापूस आभाळाखाली उघडा. कापूस एकदा भिजला की त्याचा रंग जातो आणि ग्रेडर त्याकडे बघतसुद्धा नाही.

प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू केला असता, तर खणातले दोन तुकडेही गेले असते. मग मला चोरदार आठवलं. मी एक रिकामा तुकडा तयार केला, त्याच्या डोक्यावर तीन हा क्रमांक लिहिला आणि तिसऱ्या खणात टाकला. प्रोग्रामला वाटलं, सगळे आले. चौथा आणि पाचवा धावत बाहेर पडले.

छापून आलेल्या कागदावर आधी तो 'पुढील भागांत' आणि दोन टिंबं, मग बोटभर कोरी जागा, आणि त्यापुढे अर्धाच शब्द, 'गाव'. गाव येथे जोर अधिक राहील. उघड्यावरचा कापूस व धान्य झाकून ठेवावे. इशारा उद्या दुपारपर्यंत लागू.

"कोन्तं गाव?" ताईंनी विचारलं.

तेच तर तिसऱ्या तुकड्यात होतं. पुलगाव असेल तर पाऊस जिल्ह्याच्या त्या टोकाला. तळेगाव असेल तर आर्वी-आष्टीच्या डोक्यावर. आम्ही दोघं त्या कोऱ्या जागेकडे असे बघत बसलो, जणू बघत राहिलं तर अक्षरं उमटतील. अपुरा निरोप बाहेर जाऊ द्यायचा नाही, असा साहेबांचा नियम होता, आणि नियम बरोबरच होता. अर्ध्या निरोपानं घोळ होतात. पण इशारा उद्या दुपारपर्यंतचाच होता, आणि साहेब गाडीत कुठे तरी रस्त्यावर.

ताईंनी कागद उचलला. "मी खाली कचेरीत देतो हे. बाकीच्या गावाइले ते लावतीन फोन. तू आर्वीले लाव."

यार्डाच्या ऑफिसात ट्रंक कॉल लागला तेव्हा भावाला बोलावून आणायला कुणी तरी पळालं. मला त्याच्या वहाणांचा आवाज फोनमधून ऐकू आला.

"काय झालं? घरी बरं हाये ना सगळं?"

"बरं हाये. भाऊ, पावसाचा निरोप आला. पन अर्धाच आला."

"अर्धा पाऊस?"

"अर्धा निरोप. गारा बी येतीन म्हनते. कुठं, तेच नाई आलं."

"आर्वीचं नाव हाये का नाई?"

"तोच तुकडा वाटेत राह्यला. कोन्तं तरी गाव हाये. पुलगाव असन नाई तं तळेगाव."

मागे काट्यावरच्या माणसाची मोजणी ऐकू येत होती. "आता आपला नंबर लागून राह्यला," भाऊ म्हणाला. "पयली बंडी काट्यावर घेतली का कापूस खाली ओट्यावर पडते. मंग झाकता येत नाई. थांबलो तं मागची सारी लाईन थांबते. अन पाऊस नाई आला तं हे लोक मले चटनीसंग खातीन. मी याइले काय सांगू?"

मला 'नक्की येतो' असं म्हणावंसं वाटलं. म्हटलं असतं तर त्याचं काम सोपं झालं असतं. पण मी आत्ताच एका यंत्राशी खोटं बोललो होतो, दुसरं खोटं जिभेवर येईना.

"जे आलं ते सांग," मी म्हणालो. "जे नाई आलं तेबी सांग."

"हे चांगलं हाये. शिकून हे शिकला." आणि त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खोलीत शिरलो आणि आधी यंत्रानं रात्रभरात काय केलं त्याची नोंद पाहिली. तिसरा तुकडा आला होता. आम्ही घरी गेल्यावर, दिवेलागणीच्या सुमाराला कधी तरी, धापा टाकत आपल्या जागी पोचला होता. माझ्या लायब्ररीनं त्याचा क्रमांक पाहिला, तीन हा तर आधीच आलेला आहे म्हणाली, आणि त्याला दुसऱ्यांदा आलेला समजून फेकून दिलं.

मग काल गडबडीत सुचलंच नव्हतं ते केलं, मुख्य केंद्राला विनंती पाठवली, तेवढा निरोप पुन्हा द्या. उत्तर लगेच आलं, आणि या वेळी अगदी सरळ क्रमानं आलं: सर्व तुकडे मिळाल्याची पोच आपल्याकडून काल दुपारीच आली आहे, सबब निरोप रात्री काढून टाकला आहे. पोच माझ्या लायब्ररीनं दिली होती, माझ्या त्या कोऱ्या तुकड्याच्या भरवशावर. जे मिळालंच नव्हतं त्याला मी 'मिळालं' म्हटलं होतं.

मी खुर्चीत बसून राहिलो. ताई म्हणाल्या, "जा बाप्पा आर्वीले. तू इथं असं तोंड करून बसशीन तं मशीनले बी रडू येईन. साहेबाले मी पाह्यतो."

एसटीत मला खिडकी मिळाली. आभाळ वर्ध्याहून निघताना भुरकं होतं, पुढे पुढे काळं व्हायला लागलं. आणि मला कळलं की मी पाऊस मागतोय. कापसाच्या घरात जन्मलेला माणूस मी, दिवाळीनंतर आभाळ भरून आलं की ज्याची आई अंगणात उभी राहून हात जोडायची तो, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, ये, एकदा ये, थोडा तरी ये. भाऊ खोटा पडू नये एवढंच मला हवं होतं. मधल्या शेतांत अजून पऱ्हाट्यांवर पांढरी बोंडं उघडी दिसत होती. त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलो.

खरांगण्याच्या पुढे तो आला. खिडकीची काच वर सरकेना, माझी उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत चिंब झाली. दोनचार गाराही टपावर वाजल्या. बाजूची बाई ओरडली, "बंद करा ना ते खिडकी, लेकरू भिजून राह्यलं!" मी ओली बाही खिडकीत धरून उभा राहिलो. मग जसा आला तसा तो मागे राहिला. आर्वीच्या अलीकडे रस्ता कोरडा ठणठणीत होता. स्टँडवर धूळ उडत होती.

यार्डात शिरलो तर सगळी रांग ताडपत्र्यांखाली. गोणपाटं, जुन्या सतरंज्या, कुणाची तर घरची चादर. काटा बंद. वर ऊन पडायला लागलं होतं. भाऊ आमच्या बंडीच्या जुवावर बसला होता आणि आजूबाजूच्या गावांचे लोक त्याच्याभोवती.

"आला पाहा अर्धा निरोप," कुणी तरी म्हणालं, आणि हशा पिकला.

"काऊन बे, बाकीचा अर्धा खिशात आनला का?"

"याच्या भावानं कालपासून लाईन झाकून ठेवली. आमचा कापूस आत घाम गाळून राह्यला!"

पण त्या बोलण्यात राग नव्हता, हे मला थोड्या वेळानं उमगलं. भावानं काल बंडीवर उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं: पाऊस म्हणते, गारा म्हणते, गावाचं नाव नाही आलं, मी माझी बंडी काट्यावर घेत नाही, तुमचं तुम्ही पाहा. त्यानं कुणालाही थांब म्हटलं नव्हतं. तासभर भांडण झालं आणि मग ज्यानं त्यानं स्वतःच झाकलं. आता शिव्या घालायला खोटं बोललेला कुणी माणूसच त्यांच्या हाताशी नव्हता.

मी बंडीजवळ गेलो. भावानं आधी माझं तोंड पाहिलं आणि मग बाही.

"हे कुठं भिजलं?"

"खरांगण्याच्या पुढं. गारा बी होत्या."

तो जुवावरून उठला. त्यानं माझं मनगट धरलं आणि मला ओढतच रांगेच्या कडेनं न्यायला लागला. "पाह्यजा," तो एकेका बंडीपाशी थांबून म्हणायचा, "हात लावून पाह्यजा. पिळा." लोक खरंच बाही पिळून बघत होते. एका म्हाताऱ्यानं ती दोन बोटांत धरली, वास घेतला आणि म्हणाला, "पाऊसच हाये. नळाचं पानी नाई." फाटकाबाहेरच्या शेवटच्या बंडीपर्यंत आम्ही गेलो. तोवर बाही जवळजवळ वाळली होती, तरी त्या शेवटच्या माणसानंही हात लावून पाहिला.

परत येताना मी त्याला सगळं सांगितलं. तिसरा तुकडा संध्याकाळी आला होता आणि मी तो फेकला, हेही.

"आलता तो?" भाऊ थांबलाच. "चालून आलता, अन तू हाकलला?"

"हाकलला. वरून 'मिळाला' म्हून पोच देल्ली."

त्याला माझ्या पापात काडीचा रस नव्हता. "अन मंग कोन्तं गाव होतं त्यात?"

"तेच तं आता कधी समजणार नाई."

तेवढ्यात इशाऱ्याची वेळ संपली आणि काटा सुरू झाला. ताडपत्र्या निघाल्या, रांग सरकली. आणि फाटकातून एक बंडी, एकटीच, मागून आली. चाक नवं होतं, लाकूड अजून पांढरं. गाडीवान उतरला, कुणाशी न बोलता वजनकाट्याच्या टेबलापाशी गेला, खाली वाकून तिथला एक चिंधी बांधलेला गोटा त्यानं उचलला आणि सगळ्यांना दाखवला. काट्यावरच्या माणसानं मान हलवली. पुढची बंडी जराशी मागे घेतली गेली आणि ही बंडी सरळ काट्यावर लागली. कुणी हूं की चूं केलं नाही.

मी त्या टेबलाखालच्या उरलेल्या दोन गोट्यांकडे बघत राहिलो. रांग कुणासाठी अडून राहत नव्हती. नंबर आला आणि बंडी नसली, तर गोटा उचलून इथे ठेवायचे आणि पुढे जायचे. गोटा मात्र फेकत नव्हते, आणि ही बंडी मोजली असंही कुणी म्हणत नव्हतं. त्या रविवारी 'हे कोनाचे?' विचारून मी उत्तराला थांबलो नव्हतो.

संध्याकाळच्या गाडीनं परतताना मी तिकिटाच्या मागे आठ खण काढले आणि त्यांच्या बाजूला एक नववा. पुढच्या आठवड्यात लायब्ररीला दोन दारं झाली. अहवाल, आकडे, प्रोग्राम, ज्यांच्यात एकही तुकडा हरवून चालत नाही, ते पहिल्या दारानं, तिथे शेवटपर्यंत वाट पाहायची. इशारे दुसऱ्या दारानं. तिथे काही वेळ थांबायचं, मग असेल तेवढं द्यायचं, कोऱ्या जागी 'तुकडा आलेला नाही' असं स्पष्ट छापायचं, पोच द्यायची नाही, आणि उशिरा येणाऱ्यासाठी बाजूचा खण राखायचा. चोरदार मी बुजवलं. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "अपुरा निरोप दिलात, पण अपुरा आहे असं सांगूनच दिलात ना?" मी हो म्हणालो. "मग ठीक," ते म्हणाले.

ती यंत्रं आता भंगारात गेली असतील. भाऊ थकलाय, शेत त्याचा मुलगा बघतो. अजूनही मी गावी गेलो आणि आभाळ भरून आलं की तो ओसरीतून हाक मारतो, "काऊन बे, पुलगाव का तळेगाव?" मी म्हणतो, माहीत नाही. तो माझी बाही दोन बोटांत धरून बघतो.